भुईनिंबाचे स्फटिक

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी दगडी कोळसा घेतला. खाण जवळ, नमुने हवे तेवढे, डोक्याला ताप नाही. मी भुईनिंब मागितला. कुरखेड्याकडच्या आमच्या वस्तीत कुणी तापानं फणफणलं की डॉक्टरच्या आधी भुईनिंबाचा काढा यायचा. त्या कडूपणात नेमकं आहे तरी काय, हे मला हातात धरून बघायचं होतं.

पुस्तकात त्याचं नाव होतं, अँड्रोग्राफोलाइड. ते यकृताला जपतं म्हणत. नागपूरचे औषधशास्त्रवाले ते उंदरांवर तपासायला तयार होते, पण शुद्ध स्फटिक मिळाले तरच. माझं महिनोन्महिने काहीच जमत नव्हतं आणि आमचे सर वैतागले होते. "सोमवारी स्फटिक दाखव, नाहीतर मुकाट्यानं कोळसा घे," त्यांनी सांगून टाकलं.

आईनं उपटून, सावलीत वाळवून पाठवलेली शेवटची झाडं मी मेथॅनॉलमध्ये भिजवली. अर्क निघाला तो हिरवागार. हा रंग काढायला त्यात लाकडी कोळशाची बारीक पूड घालून गाळतात. चिमूटभरच घालायची असते, पण मला पांढरंशुभ्र हवं होतं आणि धीर धरणं माझ्या स्वभावातच नाही. मी चमच्यामागून चमचे ओतत गेले. खाली आलं ते पाण्यासारखं नितळ. मी खूश! ते आटवलं, गार केलं, वाट पाहिली. तळाशी काहीच नाही. वाळलेला थेंब जिभेला लावला, तर तो कडूसुद्धा नाही. आईची सगळी मेहनत वाया घालवली, असं वाटून मला रडूच फुटायचं बाकी होतं.

गाळणीत उरलेला काळा गाळ बोटांनी खरवडून बशीत काढला, साबणानं हात धुतले आणि मैत्रिणीसोबत डबा उघडला. आम्ही एकाच डब्यात जेवायचो. वरणभात नेहमी मी कालवायची. तिनं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"काऊन वं, भातात भुईनिंब कालवला का तू?"

मी घास घेतला. कडूजहर! गाळातलं ते कडू द्रव्य माझ्या बोटांना लागलं होतं आणि साबणानंही गेलं नव्हतं. म्हणजे ते हरवलं नव्हतंच. मी घातलेल्या ढीगभर कोळशानं हिरव्या रंगासोबत तेही गिळून टाकलं होतं. मी उठून धावत सुटले.

"अवं, जेवून तं घे आधी," ती मागून म्हणाली. जेवतंय कोण!

बशीतला गाळ गरम मेथॅनॉलनं पुन्हा पुन्हा धुतला. रंग बराचसा कोळशातच राहिला आणि कडूपणा सुटून खाली आला. सोमवारी सकाळी चंचुपात्राच्या तळाशी बारीक चपटे स्फटिक चमकत होते. मी एकटीच उड्या मारल्या.

सर आले. त्यांनी दोन-चार कण काचेच्या नळीत भरून तापवायला ठेवले. पारा दोनशेच्या पुढे गेला तरी कण जागचे हलेनात. पुस्तकातल्या आकड्याला पारा पोहोचला आणि ते एकदम वितळले, म्हणजे स्फटिक शुद्ध होते.

सरांनी चष्मा काढला. "नागपूरला हे मी नेणार नाही," ते म्हणाले. "तू घेऊन जा. ते काय विचारतील त्याला उत्तरही तूच दे."

हो म्हणायचं सोडून मी तिथंच रडायला लागले.