अर्धा बोल्ट, तीन दाभणं

सव्वीस वर्षं मी फौजेत इंजिनं दुरुस्त केली. गोळी झाडली ती फक्त रेंजवर. तरी गावात लोक म्हणतात, "सुभेदार, लढाईचं सांगा की." मग मी हे सांगतो. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

मी चाकूरचा. तेव्हा वर्कशॉपमध्ये नायब सुभेदार होतो. पुराच्या मदतीसाठी आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, बिलोलीकडच्या एका गावात आला. दोन बोटी, दोन मोटरी. बोट वनवर लान्स नायक बालाजी, भोकर तालुक्यातला. चारचौघांत मला साहेब म्हणायचा, एरवी काका. "काका, घर एवढ्या जवळ हाय अन् जाता येईना," म्हणून हसायचा. नियम एकच होता. पाण्यात दोन्ही बोटी सोबत. एक बंद पडली तर दुसरी तिला ओढून आणणार.

0710 ला दोन्ही बोटी निघाल्या. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीला निघताच बोट टूच्या मोटरीची ताकद गेली, हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून, फसफस आवाज येऊ लागला. 0750 ला दोन्ही बोटी काठाला परत आल्या.

मी हेडचे बोल्ट खोलायला घेतले. चौथा बोल्ट पाना न लावताच बोटांनी फिरला आणि हातात आला. अर्धाच. हॅक्सॉनं कापलेला, डोक्यावर बाकीच्यांपेक्षा नवा काळा रंग. भोकात एपॉक्सी, चिकटवायचा मसाला, भरलेलं. ते खरवडलं तर खाली मोडका टॅप.

टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. कडक पोलाद, पण ठिसूळ. एक आटा पुढं, अर्धा मागं, असं सबुरीनं फिरवावं लागतं. घाई केली की आत मोडतो. मग ड्रिलसुद्धा त्याच्यावर घसरतं.

टॅप मोडल्याचा राग नाही. माझ्या हातूनही मोडलेत. राग लपवल्याचा आहे. दोन महिन्यांपूर्वी इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शनच्या आधी फौजेत काय चालतं ते फौजीला विचारा. हलेल त्याला सलाम, न हलेल त्याला रंग! माझ्याच सेक्शनच्या एका नायकाकडून टॅप मोडला होता. सांगितलं असतं तर एक कागद लिहावा लागला असता. एक कागद! मोडक्या टॅपमुळं पुरा बोल्ट आत जाईना, म्हणून त्यानं तो कापला, चिकटवला, रंगवला. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढची शिवीही लिहावी लागेल.

आणि मोटरीवर हिरवा टॅग लटकत होता. "फिट." खाली सही माझी. सही करताना सगळ्या बोल्टांत एकच ताजा रंगवलेला मी पाहिला होता. का, हे विचारलं नाही. वरचे साहेब दारात उभे होते, मला फाइल संपवायची होती.

"काका, किती टाइम?" बालाजी माझ्या डोक्यावर उभा.

"तासभर."

"शाळेच्या छतावर सात जण हायत. पाणी चढून राहिलंय."

कॅप्टन साहेबांनी दुर्बीण खाली ठेवली. "बालाजी, अकेला जाएगा?"

"जाएगा, सर."

0815 ला तो एकटा गेला.

मोडका टॅप काढायचं हत्यार पेटीत नव्हतं. टॅपच्या अंगाला तीन खाचा असतात. त्यांत कडक, बारीक काहीतरी घालून उलटं फिरवलं तरच तो येतो. वर गोदामात गावकरी सोयाबीनच्या पोत्यांवर बसले होते. मी ओरडलो, "दाभण आहे का कुणाकडं? तीन पाहिजेत."

एका म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून काढून दिली. "घे बाबा. पर असल्या वख्ताला पोतं शिवून राहिलास का रं?"

खाचांतला चुरा उकरला, डिझेलचे थेंब सोडले. तिन्ही दाभणांची टोकं खाचांत बसवली, ती फाकू नयेत म्हणून वरून एक नट सरकवला आणि पान्यात गच्च धरली. पाव आटा मागं, जरा पुढं. पुन्हा मागं. हलेना. एक दाभण वाकलं. ते सरळ करून पुन्हा बसवलं.

0904 ला रेडिओ बोलला. "बोट वन. सातही जण घेतले. परत येतोय."

0912. "बोट वन. पंख्यात कुंपणाची तार अडकली. मोटर बंद. बाभळीला धरून आहे. बोट टू पाठवा. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "हाऊ लाँग?"

"दस मिनट, सर."

लागली सत्तावीस. टॅप बाहेर आला तेव्हा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. भोक पुसलं, पूर्ण लांबीचा बोल्ट बसवला, हेड कसलं. 0939 ला मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्या आवाजाचीच मला चीड आली.

आम्ही पोचलो तेव्हा बोट बाभळीला बांधलेली होती. आत सात जण. बालाजी नव्हता.

"दोर सुटत हुता," त्यांतला एक जण म्हणाला. "त्यो पाण्यात उतरला, गाठ मारली. मंग ओंडका आला."

गाठ ओली, आवळलेली. सुटेना. शेवटी दोर सुरीनं कापला. बालाजी दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत मी अर्धा बोल्ट आणि टॅग टेबलावर ठेवले. सही माझी आहे, म्हणालो. शिक्षा त्या नायकाला आणि मला, दोघांनाही झाली. कमीच झाली. पण भोकरला बालाजीला घेऊन गेलो त्या दिवशी त्याच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं होतं, "इंजिन बंद पडलं, बाबा." म्हणजे मीही अर्धा बोल्टच बसवला, वरून रंग मारला. फौजेतून सुटलो आणि चार वर्षं तसाच राहिलो. लाज वाटते.

गेल्या वर्षी पुन्हा भोकरला त्यांच्याकडं गेलो. सगळं सांगितलं. नायकाचं, रंगाचं, माझ्या सहीचं, बालाजीनं मारलेल्या गाठीचं. तीन दाभणं आणि टॅपचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. म्हाताऱ्यानं तुकडा हातात घेतला नाही.

"त्याची गाठ सुटली हुती का?"

"न्हाई बाबा. कापावी लागली."

"हाव. ती गाठ मीच शिकिवली हुती, बैल बांधायची." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मंग त्याचं काम पक्कं हुतं. कच्चं तुमचं."

मी हाव म्हणालो. त्यांनी आत हाक मारून पाणी आणायला सांगितलं, आणि मी ते प्यालो.