रेषेपाशी थांबणारी गाईडबाई

चिझुरु ओकाबे बोलायला लागली की समुद्राने जरा गप्प बसावं, असं आमच्या मोजी बंदरात म्हणतात. वय सहासष्ट, उंची बेताची, डोक्यावर निळी टोपी, हातात पिवळा झेंडा. बावीस वर्षं ती पाहुण्यांना हे गाव दाखवत होती आणि इतक्या वर्षांत तिचा एकही पाहुणा हरवला नव्हता. पण त्या शनिवारी सकाळी जुन्या लाकडी स्टेशनच्या दारात तिने पाहुणे मोजले, ते तेरा भरले. पुन्हा मोजले, तर पंधरा. तिसऱ्यांदा बोट उचलणार तोच मागून खणखणीत आवाज आला, "चौदा आहोत. मी मोजलेत. आणि आपल्याला चार मिनिटं उशीर झालाय."

आवाज कुरानागा नावाच्या म्हाताऱ्याचा होता. डोंगरातल्या हिता गावाचं ज्येष्ठ मंडळ सहलीला आलं होतं, त्यातला हा निवृत्त स्टेशनमास्तर. हातात खिशातलं जुनं घड्याळ, आणि दर दहा मिनिटांनी ते उघडून बघायची खोड. आज हेच राहिलं होतं, असं चिझुरु मनातल्या मनात म्हणाली आणि चेहऱ्यावर हसू चिकटवून तिने झेंडा वर केला.

तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, याला कारण होतं. सकाळी सात वाजता पलीकडच्या किनाऱ्यावरून, शिमोनोसेकीहून, भाच्याचा फोन आला होता. नोबुहितो हळू आवाजात बोलत होता, म्हणजे आई शेजारच्या खोलीत असणार.

"मावशी, आईला मी माझ्याकडे सेंदाइला घेऊन चाललोय. घर विकलं. तिचे गुडघे पार गेलेत, एकटी राहू शकत नाही. आज चार वाजता गाडी दारातून निघेल."

"आज? आणि हे मला आज सांगतोयस?"

"आई म्हणाली होती, सांगू नकोस. तरी मी सांगतोय. पुढचं तू बघ."

पुढचं तिने काय बघायचं? मोजी आणि शिमोनोसेकी यांच्यामध्ये समुद्राचा इतका चिंचोळा पट्टा आहे की पलीकडे वाळत घातलेले कपडे इथून दिसतात. समुद्राच्या पोटातून पायी जायचा बोगदा आहे, सातशे ऐंशी मीटरचा. धडधाकट माणूस गप्पा मारत पंधरा मिनिटांत पलीकडे जातो. चिझुरु अकरा वर्षांत गेली नव्हती. सेंदाइ म्हणजे तर देशाचं दुसरं टोक. चौऱ्याहत्तर वर्षांची ताई एकदा तिकडे गेली की पुन्हा भेट कसली होते?

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली. पलीकडे, फुसाएताईच्याच घरी. अंत्यसंस्कार दुपारी बाराला होते आणि त्याच दिवशी चिझुरुच्या गळ्यात चाळीस पाहुणे होते. तिने विचार केला, परक्या माणसांची सोय मोडणं बरं नाही, आपली माणसं काय, समजून घेतील. घाईघाईने सहल उरकून ती पोचली तेव्हा अडीच वाजले होते. अस्थी वेचून झाल्या होत्या. लांब काड्यांनी दोघा-दोघांनी मिळून एकेक अस्थी उचलायची असते. थोरल्या लेकीच्या जोडीला धाकटी असायला हवी होती, तिथे नोबुहितोला उभं केलं होतं. कलशाचं झाकण लागलं होतं. फुसाए रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "पाहुण्यांना सोडून कशी आलीस, चिझु? जा, झेंडा हलव तिकडे. आणि या किनाऱ्यावर पुन्हा पाऊल टाकू नकोस."

चिझुरुने टाकलं नाही. दोघी एकाच मुशीतल्या, मोडतील पण वाकणार नाहीत.

स्वतःचा मान मात्र तिने मोठ्या विचित्र मार्गाने सांभाळला. बोगद्याच्या बरोबर मध्यावर जमिनीवर रेषा आखलेली आहे, अलीकडे आमचा प्रांत, पलीकडे त्यांचा. दुसऱ्या गाईड पाहुण्यांना थेट पलीकडे नेतात. चिझुरु रेषेला बूट टेकवायची, झेंडा उंच धरायची आणि म्हणायची, "मंडळी, इथवर माझं राज्य! यापुढचं तिकडच्यांनी सांभाळावं. माझा झेंडा रेषा ओलांडत नाही!" पाहुणे खो-खो हसायचे, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून फोटो काढायचे आणि तिच्यामागून परत फिरायचे. हा विनोद ती फक्त तिथेच करायची, समुद्राखाली. वर कधी नाही. त्यात विनोद किती आणि जखम किती, हे कुणी विचारलं नाही.

तर त्या शनिवारी ती बोलत होती आणि तिचं लक्ष पलीकडच्या टेकडीवर, ताईच्या घराकडे होतं. बंदरातला निळा पूल दोन्ही बाजूंनी वर उचलला जातो, तो दहाला बघायचा होता. ही मंडळी पोचली तोवर पूल खाली यायला लागला होता.

"गाईडबाई, पूल उघडतोय की मिटतोय?" मियोको नावाच्या आजींनी विचारलं. अंगाने वाळक्या, जीभ मात्र तिखट.

"मिटतोय, आजी. उघडताना सगळेच बघतात. मिटताना बघणारे तुम्ही भाग्यवान."

"वा! उशिराला चांगलं नाव दिलंत," कुरानागा म्हणाला आणि त्याने घड्याळ टक्कन मिटलं.

मग प्रवाहाची पाटी. किनाऱ्यावर एक मोठा फलक आहे, त्यावर पाणी कुठल्या दिशेला आणि किती वेगाने ओढतंय ते बाणाने दाखवतात. इथे चिझुरु नेहमी सांगते, की आमचा समुद्र दिवसातून चार वेळा मत बदलतो, माझ्या सासूबाईंपेक्षा एकदाच कमी. आज तिने समुद्र पाच वेळा आणि सासू चार वेळा केली. कुणी हसलं नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही. एक मालवाहू जहाज भोंगा देत गेलं आणि तिने दचकून मनगटावरचं घड्याळ बघितलं.

केळ्यांच्या फळीपाशी म्हातारा योशिहेइ उभा होता. जुन्या काळी बंदरात उतरलेली केळी पिकून चालली की ती फळीवर काठी आपटत, गाणी म्हणत विकायचे. तो धंदा गेला, पण योशिहेइ शनिवार-रविवार पाहुण्यांसाठी आपटतो. "घ्या घ्या, पिवळी घ्या, गोरी घ्या! सासूला द्या, दात नसले तरी चालतील!" काठी थडाथड वाजत होती, मंडळी टाळ्या पिटत होती. मध्येच त्याने चिझुरुकडे बघितलं.

"काय गं चिझुरु, आज तोंड हिरव्या केळ्यासारखं का?"

"रात्री झोप नाही झाली."

"मला शिकवतेस? साठ वर्षं केळी बघतोय, माणूसही कळतं." मग काठी खाली ठेवून हळूच म्हणाला, "पलीकडचं काही?"

पलीकडचं काही म्हटल्यावर तिचे डोळे भरून आले. तिने पटकन झेंडा उचलला आणि पाहुण्यांना म्हणाली, "चला मंडळी, पोटोबा वाट बघतोय."

जेवायला चीज घालून भट्टीत भाजलेला करी-भात होता, गावाची खासियत. मंडळी फुंकर मारत, मिटक्या मारत जेवत होती. चिझुरुने चमचा उचलला आणि ठेवला. ऑफिसला फोन करून दुसरी गाईड मागवता आली असती. सकाळी मागवता आली असती, अकरालाही. पण कारण काय सांगणार? आणि समजा गेली, ताईने दार लावून घेतलं तर? पाहुणेही गेले आणि ताईही गेली, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. इथून उठावं असं तिला दर मिनिटाला वाटत होतं आणि ती दर मिनिटाला बसून राहत होती. स्वतःचा इतका संताप तिला पूर्वी कधी आला नव्हता.

बस बोगद्याच्या तोंडाशी पोचली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटं उशीर, आणि हे कुरानागाने सांगायच्या आधीच तिला माहीत होतं. लिफ्टने सगळे खाली उतरले. बोगद्यात नेहमीची वर्दळ होती. ऊन-वारा नको म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरच्या म्हाताऱ्या बायका इथे व्यायामाला येतात. रुंद काठाच्या टोप्या, तोंडावर मास्क, रेषेपर्यंत यायचं आणि परत फिरायचं. कोण कोण आहे ते ओळखूही येत नाही. चिझुरु त्यांच्यामधून वाट काढत पुढे चालली. मंडळी रमतगमत, भिंतीवर रंगवलेले मासे बघत येत होती. तिला एकेकाला ढकलत न्यावंसं वाटत होतं.

रेषेपाशी पोचली तेव्हा तीन वाजून चौतीस मिनिटं. तिने सवयीने बूट टेकवला, झेंडा वर केला.

"मंडळी, इथवर माझं राज्य! यापुढचं..."

पुढचं आठवेना. अकरा वर्षांत हजार वेळा म्हटलेलं वाक्य अर्ध्यावरच तुटलं. झेंडा हवेत, तोंड उघडं, आणि चौदा माणसं तिच्याकडे बघतायत. एक आजोबा बिचारे उगाचच हसले.

कुरानागा पुढे आला. त्याने घड्याळ काढलं नाही.

"बाई, मी सकाळपासून मोजतोय. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा घड्याळ बघितलंत. माणूस दोनच कारणांनी घड्याळ बघतो, गाडी यायची असते नाहीतर सुटायची असते. तुमची कुठली?"

"सुटायची," ती म्हणाली.

"किती वाजता?"

"चारला. माझी ताई... वरच्या टेकडीवर... कायमची चाललीय."

"मग इथे काय उभ्या राहिलात?"

"पाहुण्यांना अर्ध्यावर सोडून कशी जाऊ? तुमची सोय..."

"अगं बाई, आम्ही काय दूधपिती बाळं आहोत?" मियोकोआजी कडाडल्या. "सरळ बोगदा आहे, आत यायला एक तोंड, बाहेर पडायला एक तोंड. हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही!"

कुरानागाने तिच्या हातातून झेंडा काढून घेतला, दोन्ही हातांनी, मान झुकवून, एखाद्या अधिकाऱ्याकडून पदभार घ्यावा तसा. "अडतीस वर्षं आगगाड्या सोडल्यात मी. चौदा माणसं बसपर्यंत पोचवता येतील. पळा."

चिझुरुने खाली बघितलं. रेषा पांढरी होती, वीतभर रुंद. तिने ती ओलांडली आणि पळत सुटली.

बोगद्याची पलीकडची चढण तिचे पाय अकरा वर्षांत विसरले होते. टोपी उडाली, ती उचलायला ती थांबली नाही. लिफ्ट वर गेलेली होती. ती खाली यायला किती वेळ लागला ते तिलाच माहीत. वर उजेडात आली तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती. टेकडीचा रस्ता मात्र पावलांनी बरोबर ओळखला. पर्सिमनचं झाड, मासेवाल्याचं बंद दुकान, मग डावीकडे वळण.

गाडी दारात होती. इंजिन सुरू होतं. नोबुहितो मागचं झाकण लावत होता, मावशीला बघून तो तसाच थांबला. मागच्या सीटवर फुसाए बसली होती. किती लहान झाली होती! बाजूला रुंद काठाची टोपी, हनुवटीखाली ओढलेला मास्क.

काच खाली झाली. फुसाएनेच तोंड उघडलं.

"पाहुणे कुठेत?"

"सोडून आले."

"किती होते?"

"चौदा."

"झेंडा?"

"तोही दिला."

फुसाएने मान वळवली, समोर बघितलं आणि अचानक चिझुरुच्याच सुरात, हात वर करून म्हणाली, "मंडळी, इथवर माझं राज्य! यापुढचं तिकडच्यांनी सांभाळावं. माझा झेंडा रेषा ओलांडत नाही!"

चिझुरु खिडकीत वाकली. "ताई... हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आणि सातशे ऐंशी मीटर किती घाईघाईत म्हणतेस! मागे उभं राहणाऱ्याला काही ऐकू येत नाही. गुडघे गेले म्हणून थांबले, नाहीतर अजूनही आले असते."

"तू तिथे असायचीस? इतकी वर्षं?" चिझुरुला हुंदका आवरेना, आणि रागही आवरेना. "मग हाक का नाही मारलीस? एकदा तरी!"

"रागात बोलले मी. तू अकरा वर्षं धरून बसलीस, गाढव कुठली! आणि हाक कशी मारणार?" फुसाएचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुझे पाहुणे असायचे बरोबर. पाहुण्यांसमोर कसं बोलायचं?"

नोबुहितो घड्याळ बघून खाकरला. चार वाजून दोन मिनिटं झाली होती. फुसाएने बाजूच्या सीटवरची टोपी उचलून मांडीवर घेतली.

"स्टेशनपर्यंत वीस मिनिटं लागतात," ती म्हणाली. "बस आत. आणि सगळं सांग, पण हळू बोल."