मीटरआप्पांनी कापलेला दगड

मीटरआप्पा दगड चाटायचे. जिभेला चिकटला, तर "पाणी पितोय" म्हणायचे, निसटला, तर "मुका हाय." त्यांनी चाटलेले दगड रचले असते तर दौंडपासून शिरूरपर्यंत बंधारा झाला असता, आणि तो गळलाही नसता.

रांजणगावच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं होतो. समुद्राखालच्या तेलविहिरींतून काढलेली चुनखडी आमच्याकडे यायची. ती खारट पाण्यात मुरवायची, तिच्यातून वीज सोडायची आणि दगड विजेला किती अडवतो ते आप्पांनी मीटरवर मोजायचं. दगडाच्या पोटातली भोकं कशी आहेत, वीज त्यांतून कशी जाईल, याचं मॉडेल कॉम्प्युटरवर मी बांधायचं. आप्पांचे पाहुणे विचारत, "आपल्या रानात दगड कमी पडलं व्हय, समुद्रातनं मागवताय?"

"आपल्या काळ्या दगडाला तेलाचं डोहाळं न्हाईत," आप्पा सांगत.

मीटरवर त्यांची माया एवढी, की थंडीत स्वतःचा मफलर त्याला गुंडाळत. जवळपास कुणी शिंकलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजत.

एका दगडानं मात्र माझं वाटोळं करायचं ठरवलं. स्कॅनमध्ये त्याच्या पोटात अनारशाला लाजवील अशी जाळी. माझं मॉडेल म्हणे, वीज सुसाट जाणार. आप्पांचा मीटर म्हणे, पाचपट अडवतोय. सोमवारी कंपनीचे लोक मॉडेल बघायला येणार होते. आकडा जुळला नाही तर माझी नोकरी गेलीच होती.

"आप्पा, मीटर म्हातारा झालाय. आकडा जरा खाली घ्या."

"त्यो काय माझ्या खिशातला हाय व्हय? दगडाचा हाय. त्याला इचार."

मी दगडाला विचारलं नाही. साहेबांना लिहून दिलं : मीटर तपासला, बिघडलेला आहे. साहेबांनी मीटर कपाटात टाकला आणि आप्पांना महिनाअखेरीपासून घरी बसायला सांगितलं.

आप्पा भांडले नाहीत. शनिवारी त्यांनी त्या दगडातली हवा पंपानं ओढून त्यात निळी शाई मुरवली आणि तो करवतीवर मधोमध कापला. शाई केसाएवढ्या फटींतच शिरली होती. शिंपले विरघळून झालेली मोठाली भोकं पांढरी कोरडी, प्रत्येक आपापल्या भिंतीआड बंद.

"मेंढरं समदी मोजलीस," आप्पा म्हणाले, "पर या वाड्यातनं त्या वाड्यात जायला वाट हाय का, ते बघितलं न्हाईस."

बंद भोकं मी विजेच्या वाटेतून वगळली. माझा आकडा आप्पांच्या आकड्याला येऊन टेकला. सोमवारी कंपनीचे लोक खूश झाले, नोकरी वाचली. मीटर ठणठणीत आहे, हे तेव्हाच बोलायचं होतं. मी महिनाभर बोललो नाही, आणि आप्पा घरी बसले.

आजवर पोत्यानं थापा मारल्या, सगळ्या तोंडी. लेखी ही एकच. ती कबूल करायला दौंडला त्यांच्या घरी गेलो.

"आप्पा, मी मीटर तपासलाच नव्हता."

"ठाव हाय. त्याच्या झाकणाचा स्क्रू गंजलाय. माझ्याबिगर कुणाला निघत न्हाई." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "च्या घे."