चणे कोणी भिजवले

स्पेनमध्ये तीन महिने होतो तेव्हा मी दर रविवारी एका एकट्या, बायको वारलेल्या म्हाताऱ्या फिटरला स्वतःच्या हाताने चणे-मटण करून खाऊ घालायचो, ही गोष्ट रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. वॉचमनलासुद्धा. त्यांना आईने सांगितली आणि आईला मी सांगितली होती. फक्त खरी गोष्ट उलटी होती. तो मला खाऊ घालायचा, आणि त्याची बायको ठणठणीत होती.

चाकणच्या आमच्या कंपनीने तिकडून एक मशीन घेतलं आणि मेंटेनन्समधून मला ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं. बाबा खूश झाले, आई अडून बसली. "तुला चहा धड येत नाही. तिकडे खाणार काय?" तिचं चूक नव्हतं. शेवटी तडजोड झाली. महिनाभर तिने मला वरण-भात शिकवला आणि जाताना तीन लिटरचा कुकर बॅगेत कपड्यांच्या मधोमध बसवून दिला. विमानतळावर त्या कुकरची जेवढी चौकशी झाली, तेवढी माझी आजवर कोणी केलेली नाही.

तिकडे भाड्याच्या खोलीत पहिल्याच रविवारी मी कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला शेजारच्याने भिंत ठोकली. तिसरीला वरच्या मजल्यावरून कोणीतरी धावत खाली आलं. चौथीला घरमालक किल्ली लावून थेट आत. त्याने टॉवेलात गुंडाळून कुकर उचलला, हातभर लांब धरून जिना उतरला आणि तळघरात कुलूपबंद केला. तो मला परत मिळाला निघायच्या दिवशी. वरण आतच होतं.

मग ब्रेड आणि केळी. केळी आणि ब्रेड. पंधरा दिवसांत पँट कमरेवर थांबेना. बेल्ट मी घरी विसरलो होतो, म्हणून वर्कशॉपमधला केबल टाय, म्हणजे वायरी बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, घेऊन पँटच्या दोन लुपांतून ओवला आणि आवळला. मशीनवर मला शिकवणारा फिटर साठीचा. आपल्याकडे अशा माणसाला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणायचो. त्याला ते आवडायचं. त्याने तो केबल टाय पाहिला, बोटाने जरा ओढून पाहिला. रविवारी गाडी घेऊन दारात हजर.

त्याच्या घरी कोसीदो होता. चणे, मांस, हाडं, कोबी, गाजर, बटाटे, सगळं एका भल्यामोठ्या पातेल्यात तीन-चार तास मंद शिजवायचं. मसाला म्हणाल तर मीठ. वाढायचं मात्र तीन फेऱ्यांत. आधी नुसता रस्सा बारीक शेवया घालून, मग चणे-भाज्या, शेवटी मांस. मला हे कोण सांगणार? मला वाटलं, रस्सा म्हणजेच जेवण. पंधरा दिवसांची भूक होती, चार वाट्या प्यायलो आणि पोटावरून हात फिरवला. तेवढ्यात उस्तादाची बायको चण्यांची परात घेऊन आली. तीही कशीबशी संपवली, तर मांस आलं. त्या दिवशी मला सोफ्यावरून उठवायला दोघं लागले.

पुढचे सगळे रविवार मी तिथेच. माझ्याकडे काम एकच, जेवण झाल्यावर भांडी घासायचं.

आणि नेमका त्याच वेळी आईचा फोन. "जेवलास का? काय केलंस?" कुकर जप्त झालाय आणि मी लोकांच्या घरी जेवतोय, हे त्या बाईला सांगायचं कोणत्या तोंडाने? तिने मला एकटं पाठवल्याचं तिच्या जिवाला लागलं असतं, तिची झोप उडाली असती. म्हणून म्हणालो, "चणे-मटण करतोय. आत्ताच चणे भिजत घातलेत, तासाभरात जेवतो." नंतर खोट्याला टेकू लागला, म्हणून म्हातारा आला. म्हाताऱ्याला मी का करून घालतो याला कारण हवं, म्हणून त्याची बायको गेली. पुरावा म्हणून ताटाचे फोटो पाठवायचो. आई फोटो बघून म्हणायची, "बरं झालं बाबा." मला सुटल्यासारखं वाटायचं.

त्याला तीन वर्षं झाली. परवा मशीनचं दुसरं युनिट चाकणला आलं, आणि ते बसवायला कोण आलं, तर उस्ताद.

मी घरी बोलून गेलो. बोलायला नको होतं. आईने हातातली भाजी खाली ठेवली. "तोच? तू ज्याला खाऊ घालायचास तो?"

"हो, पण तो कामात आहे फार..."

"रविवारी बोलव. हॉटेलात खाऊन कंटाळला असेल. आणि तूच कर, तुझ्या हातचं खायची सवय आहे त्याला."

माझी बायको तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करते. आमचं लग्न या प्रकरणानंतरचं. माझ्या स्वयंपाकाची कीर्ती ऐकून तिने होकार दिला होता आणि गेली दोन वर्षं ती पहिल्या पदार्थाची वाट बघतेय. ती लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "मला मिठाचा डबा कुठे असतो ते सांग, मग मी विश्वास ठेवते."

मला भीती बायकोची नव्हती. आईची होती. तीन वर्षं ज्या गोष्टीवर ती निर्धास्त होती, ती गोष्ट ताटात फुटणार होती, आणि तेही पाहुण्यासमोर.

आठवडाभर शॉप फ्लोअरवर, मशीनच्या आवाजात, मी उस्तादाकडून कोसीदो काढून घेतला. तो एवढंच सांगायचा, "हळू. आणि हात लावायचा नाही." शनिवारी खरेदी केली. तिकडच्यासारखं सॉसेज हवं, म्हणून पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या दुकानातून बर्फातली चिकन सॉसेज आणली. करून बघायला पातेल्यात टाकल्यावर ती अशी फुगली की लहान मुलांच्या खेळण्यांसारखी वर तरंगू लागली. शेवटी ती आमच्या खिडकीत येणाऱ्या मांजरासमोर ठेवली. एक खाल्लं, बाकीची हुंगून गेलं.

रविवारी सकाळी डोळा उघडला आणि अंगावर काटा आला. चणे भिजवलेच नव्हते. धावत ओट्याशी गेलो तर एका पातेल्यात काबुली चणे पाण्यात टम्म फुगून बसलेले. मला वाटलं, बायकोने घातले. तिला खुणेनेच हात जोडले. तिला वाटलं, मी नाटक करतोय. त्या सकाळी घाई होती, पुढे कोणी चौकशी केली नाही.

काळेवाडीहून मटण आणलं, नळ्या मागून घेतल्या. पातेलं चढवलं. अकरा वाजता रस्सा सोनेरी दिसायला लागला, वासही अगदी तिकडचा. उस्तादाला आणायला चाकणला निघताना मी आईला तीनदा सांगितलं, "गॅस बारीक ठेवलाय. यात काही घालू नको. हात लावू नको."

"नाही लावत. जा."

तळवड्यातून चाकणकडे जाताना रविवारीसुद्धा ट्रकांच्या रांगा. येताना त्याच रांगेत अडकलो असताना मी उस्तादाला सगळं कबूल केलं. आमचं दोघांचं इंग्रजी एकाच दर्जाचं, म्हणून समजायला सोपं जातं.

त्याने एकेक बोट मिटत हिशेब केला. मग म्हणाला, "मी एकटा. तू मला जेवण करतो."

"हो."

"मग माझी बायको कुठे?"

"ती... नाही."

"नाही म्हणजे?"

"वारली."

"कधी?"

"मी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात."

तो हसला तर गाडी हलली. डोळे पुसत म्हणाला, "ठीक. आज मी दुःखी माणूस." मला हायसं वाटलं. वाटायला नको होतं.

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली आणि दार उघडायच्या आधीच मला कळलं. कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, त्यात आईचा काळा मसाला. स्वयंपाकघरात पातेल्यावर बोटभर लाल तर्री.

"आई, काय केलंस हे? तुला म्हणालो होतो ना..."

"तू विसरला होतास. नुसतं मिठाचं उकडून ठेवलंस. पाहुण्याला अळणी वाढतात का? आजारी आहे का तो?"

आतल्या खोलीत बायकोचं ऑफिसचं काम चालू होतं. तिला वासावरून वाटलं, नवऱ्याला खरंच येतंय की. तेवढ्यात मला बाबा आठवले. बाबांना अल्सर आहे. आमच्या घरी मटण झालं की वाटण घालायच्या आधी बाबांचा अळणी, म्हणजे नुसत्या मिठातला, रस्सा बाजूला निघतो, गेली कित्येक वर्षं, न चुकता.

"बाबांचा अळणी?"

"काढलाय ना. आज जास्तच काढला, नळ्या होत्या म्हणून." तिने शेजारचं झाकण उचललं. अर्धं पातेलं भरून सोनेरी रस्सा, तळाशी मूठभर चणे आणि कोबीची पानं. त्या पातेल्याला नमस्कार करायचाच काय तो बाकी होता. डब्यातल्या शेवया त्यात टाकल्या, एक उकळी काढली आणि दोन वाट्या बाहेर नेल्या. एक बाबांना, एक उस्तादाला.

उस्तादाने पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. मग बाबांच्या वाटीत वाकून बघितलं, तिथेही तेच. त्याने वाटी उचलून बाबांच्या वाटीला हळूच टेकवली. बाबा अळणी कुरकुरत खातात नेहमी, आज कोणीतरी सोबतीला आहे म्हटल्यावर ताठ बसून प्यायले आणि म्हणाले, "अजून घ्या, हे चांगलं असतं पोटाला." आपण एवढी वर्षं काहीतरी थोर खात होतो, अशा थाटात.

दुसऱ्या फेरीला लाल पातेलं. बायको आता येऊन बसली होती. उस्तादाच्या कपाळावर घाम आला, नाक लाल झालं, पण बाजरीची भाकरी मोडून तो चणे टिपत राहिला. मध्येच अळणी, मध्येच तिखट. आणि मधूनमधून, मला दिलेल्या शब्दाला जागून, दुःखी चेहरा.

आई त्याच्याकडे बघत होती. मग सुनेला म्हणाली, "त्यांना विचार, हा तिकडे चणे कधी भिजवायचा?"

बायकोने विचारलं. स्वयंपाकाच्या प्रश्नावर उस्तादाला राहवलं नाही. बोट वर करून ठामपणे म्हणाला, "आदल्या संध्याकाळी. नेहमी. माझी बायको शनिवारीच घालते."

घालते. माझ्या बायकोने भाषांतर केलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. उस्तादाने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून खांदे उडवले.

आईला इंग्रजी येत नाही. तिला गरजही पडली नाही. "बायको आहे ना त्यांची? सांग त्यांना, मला माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"अरे, तासाभरात कुठे चणे भिजून शिजतात? कुकरात घातले तरी. पहिल्याच फोनला कळलं मला, हा काही करत नाही, कोणीतरी करून घालतंय. आणि फोटोत ताटाच्या कडेला डाव असायचा, तो धरलेला हात बाईचा. अंगठी असलेला. दर वेळी तोच." भाकरीचा तुकडा तिने उस्तादाच्या ताटात टाकला. "तू ब्रेड खाऊन राहतोस की काय, याच काळजीत होते मी. कोणीतरी खाऊ घालतंय म्हटल्यावर झोप लागली. लोकांना मात्र तुझीच गोष्ट सांगितली, लग्नाचा होतास ना. तीन वर्षं म्हणतेय, त्या माणसाला एकदा जेवू घालायला पाहिजे."

"मग कालचे चणे..."

"मी भिजवले. तू भिजवशील यावर कोण बसणार?"

मला काय वाटलं ते सांगायचं तर, केबल टाय तुटल्यावर वाटलं असतं तसं. तीन वर्षं आवळून धरलेलं सुटलं. बायको हसून हसून ठसक्याने लाल झाली, बाबांनी तिला अळणी पाजला.

"आता त्यांच्या बायकोला फोन लाव," आई म्हणाली. "व्हिडिओ लाव."

उस्तादाने लावला. तिकडे सकाळ होती. ती गाऊनवर, हातात कॉफी, आणि चांगली जिवंत. आईने लाल पातेल्यातली चण्यांची वाटी स्क्रीनसमोर धरली. ती वाकून बघत राहिली, रंग बघून काहीतरी म्हणाली. उस्ताद म्हणाला, "ती म्हणते, हे आमचं नाही, पण चणे नीट भिजलेत." आईला हे एवढं आवडलं की तिने वाटी अजून जवळ नेली आणि कॅमेरा तर्रीत बुडता बुडता वाचला.

मग त्या बाईला मी दिसलो. तिने बोट दाखवून काहीतरी विचारलं. उस्तादाने आमच्याकडे वळून सांगितलं, "ती विचारते, तो तिथेपण भांडी घासतो का? फार छान घासायचा."

बायको माझ्याकडे वळली, अगदी सावकाश. दोन वर्षांचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"भांडी?" आई म्हणाली. "हा?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. वाद घालायला जागाच नव्हती, साक्षीदार परदेशातून आला होता. बाहेर आई आणि ती बाई एकमेकींना न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगत होत्या आणि उस्ताद मध्ये बसून दोघींनाही मान डोलावत होता. मी बाह्या वर केल्या आणि तर्रीचं पातेलं आधी घेतलं, कारण ते सगळ्यात चिकट होतं.