वाट्याचा बांध

आमच्या खाडीकाठच्या बांधाला यंदा खांड (भगदाड) पडली, तीही नेमकी माझ्या चुलतभावाच्या, मंगेशदादाच्या वाट्याला. पाऊस तोंडावर आला होता, म्हणून मी त्याला आणायला मुंबईला निघाले. आमचा बांध म्हणजे माती-दगडांचा लांबलचक वरंबा. भरतीचं खारं पाणी तो भातशेतात शिरू देत नाही, आणि ओहोटी लागली की शेतातलं पाणी उघाडीतून (झडपेच्या दारातून) बाहेर सोडतो. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराचा. घरच्या माणसाने पहिलं ढेकूळ टाकल्याशिवाय त्या तुकड्याला दुसरं कोणी हात लावत नाही. आणि एक खांड राहिली तरी सगळ्या वाडीचं भात खारवतं. दादाचं मात्र फोनवर एकच पालुपद, "मजूर लाव गं!"

परळला त्याच्या चाळीत पोहोचले ती दारातच आपटले. उंबऱ्यावर गुडघ्याएवढी सिमेंटची भिंत!

"अगो सुलू, पाय उचलून ये!" वहिनी धावली. "पावसात पाणी शिरतं ना घरात, म्हणून बांधलीय."

तळमजल्यावरच्या प्रत्येक दारात तशीच भिंत होती. नडगी चोळत मी बांगड्याचं तिखलं आणि भात चापला, तेव्हा कुठे राग निवला. खांडीचा विषय काढताच दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. उधाण दाखवायला तो मला गिरगाव चौपाटीच्या पुढे, समुद्राच्या भिंतीपाशी घेऊन गेला. चार पायांचे अवाढव्य सिमेंटचे ठोकळे एकमेकांत अडकवून रचलेले. बघता बघता पाण्याने ते गिळले आणि भिंत गाठली.

"आमचं परळ ह्या पाण्याच्या खाली आहे," दादा म्हणाला. "भरतीत धो धो पाऊस पडला ना, तर नाल्याचं पाणी बाहेर जातच नाय. नाल्याच्या तोंडाचे दरवाजे बंद ठेवायचे, पंप मारायचे. नायतर समुद्रच उलटा आत."

"म्हणजे उघाडीच की रे!"

इमारतींवर इमारती चढवलेलं एवढं थोरलं शहर, आणि त्याचं दुखणं आमच्या वाडीचंच! मी नकळत हात जोडले. समुद्राला की भिंतीला, मलाच ठाऊक नाही.

घरी परतल्यावर दादाने सिमेंट कालवलं आणि शेजारच्या कुलूपबंद खोलीसमोर बसला. तिथली उंबऱ्याची भिंत तडकली होती.

"ही कोणाची खोली?" मी विचारलं.

"गुरवाची. विरारला गेला राहायला. ह्याच्या दारातनं पाणी शिरलं की झिरपून माझ्या घरात येतं. दरवर्षी मीच लिंपतो. फोन केला तर म्हणतो, माणूस लाव—"

थापी हातातच थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सिमेंटचं घमेलं त्याच्यापुढे सरकवलं.

भिंत लिंपून, हात धुऊन तो आला. "उद्याची गाडी किती वाजता गं?"

गावी पोहोचल्यावर तो घरात न जाता तडक बांधावर गेला. चिखलात उतरून त्याने पहिलं ढेकूळ टाकलं मात्र, काठावर इतके दिवस नुसती उभी असलेली सगळी वाडी टोपल्या घेऊन खाली उतरली.

मुंबईची भिंत पाहून मी हात जोडले होते. इथे ते चिखलाने भरले होते, पण भावना तीच होती.

खांड बुजली तेव्हा भरती लागली होती. पाणी बांधाला टेकलं, थोडं चढलं आणि तिथेच राहिलं. जेवायला हाका मारमारून आम्ही थकलो, पण दादा बांधावरून हलला नाही.