मामांच्या फोनमधलं तोरणमाळ

'अपडेट' या गोष्टीचा इतक्या मनापासून आणि इतक्या मोठ्या आवाजात तिटकारा करणारा माणूस सातपुड्याच्या अलीकडे तरी माझ्या मामांखेरीज दुसरा नसेल. पलीकडे एखादा असलाच, तर तो कधीतरी मामांच्याच एस.टी.तून गेलेला असणार आणि उतरेपर्यंत मामांनी त्याला पटवलेलं असणार. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. उभा जन्म एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी वर्षं शहादा-तोरणमाळ या घाटाच्या रस्त्यावर. रिटायर झाल्यावर मामी गेल्या, मुलगा नोकरीला सुरतेला, आणि मामा शहाद्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या टाकून एकटे. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हे सांगायचं कारण एवढंच की कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला नात्यातल्या झाडून सगळ्या फोनची आजारपणं काढावी लागतात. जावेचा फोन तापतो, नणंदेचा आवाज जातो, आणि सगळ्यांचा इलाज मी. दमले हो मी! माझ्या स्वतःच्या फोनवरसुद्धा दर थोड्या दिवसांनी ते विचारणं येतं, आता करू की नंतर, आणि मुलांना रोज नव्या तंत्रज्ञानाचं कौतुक सांगणारी ही बाई गुपचूप 'नंतर' दाबते. सकाळी उठून गजर बंद करायचं बटण शोधत बसायची माझ्यात आता ताकद नाही.

पण माझं 'नंतर' म्हणजे नुसता आळस. मामांचं 'नंतर' म्हणजे गडाचे दरवाजे लावून बसणं होतं. कोणीतरी स्टँडवर त्यांना सांगितलं की फोनमध्ये जागा नसली तर अपडेट आत येऊ शकत नाही. झालं! त्या दिवसापासून मामा जागा भरायला लागले. सकाळच्या फुलांचे, सुविचारांचे, देवांचे जे म्हणून व्हिडिओ येतील ते सगळे ठेवायचे, एक पुसायचा नाही. तेही कमी पडले तेव्हा स्वतः व्हिडिओ काढायला लागले. छताचा पंखा फिरतोय, त्याचा लांबलचक व्हिडिओ. केळीचे ट्रक चालले आहेत, त्याचा व्हिडिओ. मी एकदा वैतागून म्हटलं, मामा, पंख्याचे एवढे व्हिडिओ कोण बघणार? तर समाधानाने म्हणाले, "कोनी देखाकरता नही शेत वं माय. जागा अडाई ठेवेल शे. मोटारमा रुमाल टाकस ना मानूस, तसं."

दुसरा बंदोबस्त बॅटरीचा. फोन निम्म्याच्या वर चार्ज असल्याशिवाय अपडेट होत नाही हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं, आणि मी ते का बोलले याचा पश्चात्ताप मला पुढे कितीदा झाला. मामांचा फोन कायम अर्धपोटी. जरा पोट भरत आलं की चार्जर उपसून टाकायचे. तिसरा बंदोबस्त तर माझ्या घराची बेअब्रू करणारा. आमच्याकडे वायफाय आहे आणि अपडेट वायफायवरून येतं, म्हणून मामा आमच्या घरात फोन आणत नसत. ओट्यावर चपला काढायच्या आणि चपलेवर फोन ठेवायचा. आत येऊन चहा होईपर्यंत बाहेर चपला वाजत राहायच्या. शेजारीण मला म्हणाली, तुमच्या मामांच्या चपलांनाच फोन येतात वाटतं.

हे सगळं उगीच नव्हतं. फार वर्षांपूर्वी एकदा मामांच्या फोनवर अपडेट झालं होतं आणि त्यात त्यांची फोनची घंटी बदलली. मामा भाजीबाजारात. फोन वाजतोय, वाजतोय, आणि मामा मेथीच्या जुड्या बाजूला ठेवून आजूबाजूच्या लोकांना दटावतायत, "अरे भो, कोनाना फोन वाजी ऱ्हायना? उचला ना!" शेवटी भाजीवालीने त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. शिवाय तोपर्यंत फोन दाबून उचलायचा असे, तो त्या दिवसापासून बोटाने वर सारायचा झाला. मामा म्हणाले, चांगल्या चालत्या गाडीला फिटरचा हात लागला की असंच होतं. आरसा बसवायला द्यावी तर हॉर्न बदलून बाहेर येते. आणि वर त्यांचा हुकमी एक्का होता कानबाईचा. आमच्या आजोळी श्रावणात कानबाई बसते ती नारळाच्या रूपात, आणि तो नारळ पिढ्यानपिढ्या तोच. दरवर्षी देव्हाऱ्यातून काढायचा, नथ घालून सजवायचा, पुजायचा, आणि नदीवर नेऊन पाण्याचा स्पर्श करून पुन्हा घरी आणायचा. "आपली कानबाईनं नारय दरसाल बदलतस का?" मामा विचारायचे. "नही ना? मंग देवी जुनी चालस आनि फोन चालस नही का?" यावर कॉम्प्युटरच्या कुठल्या पुस्तकात उत्तर आहे सांगा.

आता खरी गोष्ट सांगते. मामांना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळा. मी बरोबर होते म्हणून मला ठाऊक. बाहेर पडताच मामांनी मला कानबाईची शपथ घातली की सुरतेला सांगायचं नाही. कारण माझा मामेभाऊ मायाळू आहे पण शब्दाचा पक्का. त्याने अट घातली होती: आबा, एकटं राहायचं तर राहा, पण रोज सकाळी चहाच्या आधी मला फोन करायचा, ज्या दिवशी फोन आला नाही, त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन आणि तुम्हाला घेऊन जाईन. मामांना शहादा सोडायचं नव्हतं. स्टँडवर जाऊन नव्या ड्रायव्हरांना सल्ले द्यायचे, कोणती गाडी उशिरा लागली याची चौकशी करायची, लोणखेड्यापर्यंत पायी जाऊन यायचं, यावर तो माणूस जगत होता. आणि हे सगळं त्या एका सकाळच्या फोनवर टिकून होतं.

न दिसणारा माणूस रोज फोन कसा लावतो? तर मामांनी फोनच्या काचेवर तोरणमाळचा रस्ता मांडला होता. म्हणजे मांडला मी, पण आराखडा त्यांचा. खालच्या डाव्या कोपऱ्यात शहादा, तिथे मी. तिथून अंगठा वर सरकवला की लोणखेडा, तिथे किराणावाला. मग म्हसावद, तिथे मामांची धुळ्याला दिलेली मुलगी. मग राणीपूर, तिथे डॉक्टर. आणि राणीपूरहून घाट चढून अगदी वर, उजव्या कोपऱ्यात, तोरणमाळ, तिथे सुरतेचा मुलगा. एकेका गावावर दाबलं की त्या माणसाला थेट फोन. त्यांचा अंगठा त्या काचेवरून असा जायचा की बघत राहावं. बोलताना नजर भलतीकडे, आणि अंगठा वळण घेत बरोबर थांब्यावर. मी एकदा म्हटलं, मामा, न बघता? तर म्हणाले, "गिअर टाकतांना कोनी गिअरकडे देखस का?" अपडेटचा एवढा धसका होता तो म्हणूनच. अपडेट झालं की बटणं इकडची तिकडे होतात, आणि मामांच्या लेखी ती बटणं नव्हती, गावं होती.

गेल्या श्रावणात कानबाईला मामेभाऊ आला. रोटांना, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला, सगळ्या भाऊबंदांनी यावंच लागतं, नाही तर देवी रागावते. सोमवारी कानबाई नदीवरून परत आली, नारळ देव्हाऱ्यात बसला, जेवणं झाली, मामा जरा आडवे झाले. आणि त्या गुणी मुलाने बापाचा फोन हातात घेतला. तेव्हा मी माझ्या घरी भांडी घासत होते. तो जाताना हसत हसत माझ्या दारात थांबून सांगून गेला, "अक्का, आबाना फोनमा नुसता पंखाच भरेल व्हतात वं! बठा काढी टाकात, चार्ज करा, अपडेट मारी दिनं. आते व्हिडिओ कॉल चाली. रोज त्यासनं तोंड तरी दिसी माले." माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. शपथ होती, बोलता येईना. तो गेल्यावर मी लगेच मामांकडे गेले, तर दाराला कडी, मामा स्टँडवर. मला वाटलं, उद्या शाळेच्या आधी जाऊन सगळी गावं पुन्हा जागेवर लावून देऊ.

पण सकाळी मी दाराबाहेर पडायच्या आतच सुरतेचा फोन आला. "अक्का, आबाना फोन नही उना. मी लावस तो बी उचलतस नहीत. मी निंघनू." मी तशीच पळत गेले. मामा ओट्यावर खुर्चीत. अंघोळ झालेली, टोपी घातलेली, चहा पुढ्यात गार झालेला, आणि हातात फोन. अंगठा शहाद्याहून निघत होता, वळणं घेत घेत वर चढत होता आणि तोरणमाळला जाऊन दाबत होता. दाबलं की कच् असा आवाज. तिथे आता कॅमेरा आला होता, आणि वाजणारा फोन उचलायची रीतही पुन्हा बदलली होती. मला पाहून, म्हणजे माझी चाहूल लागून, म्हणाले, "माय वं, सकायपासून घाट चढी ऱ्हायनू. तोरणमाळले जास ते मन्हाच फोटू निंघस." मी हसले आणि हसता हसता मला रडू फुटलं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. माझ्या फोनवरून मी मामेभावाला लावून दिलं. मामा एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "मी बेस शे रे! फोन तू बिघाडा, आते येवू नको." पण मुलगा तोपर्यंत सुरतेबाहेर पडला होता, आणि तो परत फिरणाऱ्यातला नव्हता.

तो आला तो पाणीसुद्धा न पिता फोन घेऊन बसला. काय बिघडलंय ते बघताना फोटो उघडले गेले. मामांची हनुवटी. मामांचं नाक. टोपीचं टोक. छत. पुन्हा पंखा. अंगठा, नुसता अंगठा. तो एकेक फोटो सरकवत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. कोणी काही सांगायची गरज राहिली नव्हती. त्याने बापाकडे पाहिलं. बाप त्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीकडे बघून हसत होता. मुलगा हळूच म्हणाला, "आबा, मन्हं नाव कथं व्हतं?"

"तोरणमाळले."

"इतलं लांब?"

"लांब नही रे. बाकी गावले गाडी नुसती थांबस. मुक्काम तठेच ऱ्हास."

मग मुलगा काही बोलण्याआधी मामाच बोलले. मला वाटलं होतं भांडतील, कानबाईला साक्षीला बोलावतील, अपडेटच्या नावाने शिव्या देतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "डायव्हरले दिसस नही ते त्यानी सीटवर बसानं नही. हाऊ नियम मीच नवा पोऱ्यासले सांगस. चाल, कुलूप लाव." एवढंच. आयुष्यभर जी शिस्त दुसऱ्यांना शिकवली, ती त्यांनी स्वतःला लावली, आणि मला आत कुठेतरी वाटत होतं की एकदा, एकदा तरी मोडावी.

निघताना देव्हाऱ्यातला कानबाईचा नारळ लाल कापडात गुंडाळून मांडीवर घेतला आणि पुढच्या सीटवर बसले. गाडी गल्लीच्या तोंडाशी जाईपर्यंत मला ऐकू येत होतं, "दुसरा टाक, दुसरा टाक! क्लच पुरा दाब." किल्ली माझ्याकडे आहे. दर रविवारी मी जाऊन घर झाडते, पंखा लावते आणि जरा वेळ त्याच्याखाली बसते.

मामेभावाने सुरतेला त्यांच्या फोनवर गावं पुन्हा मांडून दिली आहेत. रोज सकाळी माझा चहा उकळत असतानाच मामांचा फोन येतो, आणि पूर्वी ज्या फोनला मी 'आता काय बिघडलं' म्हणून कपाळाला हात लावायची, त्याच्यासाठी हल्ली गॅस बारीक करून उभी राहते. पाऊस किती झाला, पपईला भाव काय, म्हसावदची पहिली गाडी वेळेवर सुटते का, हे सगळं त्यांना हवं असतं. परवा मी सहज विचारलं, मामा, मुलगा तर आता शेजारच्याच खोलीत, मग तोरणमाळला कोण आहे?

"तू शे ना," मामा म्हणाले. "शहादा आते लांब पडस वं माय. तुले तठेच ठेवं."

चहा उतू गेला. मी तो जाऊ दिला.