शिवेच्या दगडावरचं बूड

मकलटन आणि स्नेडबी या दोन गावांत अंतर म्हणाल तर एक कुंपण. पण मकलटनकरांना विचारा, तर स्नेडबीच्या लोकांनी कोबीबरोबर डोकंही उकडून खाल्लंय. आणि स्नेडबीकर शपथेवर सांगतील की मकलटनात आंघोळ फक्त नाताळला करतात. माझी आई मकलटनची, बाप स्नेडबीचा. त्यामुळे मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात.

जेबेझ ऑटली हा मकलटनचा. कुंपणाची झाडं छाटण्यावर पोट भरायचा, आणि पोटही तसंच भरलेलं. पण त्याचा जीव होता मकलटनच्या चर्चच्या सगळ्यात मोठ्या घंटेत. छत्तीस वर्षं तिचा दोर त्याच्या हातात. त्याची बायको डॉर्कस स्नेडबीची. ती म्हणायची, "माझा हात धरला तो लग्नात एकदा. नंतर जन्मभर तो दोर!" मकलटनात न राहणाऱ्याने दोराला शिवायचं नाही, असा नियम होता. तो करून घेतला खुद्द जेबेझनेच, कारण त्याचा स्नेडबीचा मेव्हणा ईनॉक घंटेवर डोळा ठेवून होता.

आता त्याचं घर नेमकं शिवेवर. आमच्याकडे दर मे महिन्यात पाद्रीसाहेबांच्या मागून सगळं गाव शिवेवरून चालतं, छड्यांनी शिवेचे दगड बडवतं, आणि एका पोराला उचलून प्रत्येक दगडावर त्याचं बूड आपटतं. कागद उंदीर खातात, पण बुडाला बसलेला मार पोरगं मरेपर्यंत विसरत नाही, हा त्यामागचा विचार. १८९९ साली मान होता सात वर्षांच्या जेबेझचा.

पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याच्या घराजवळचा दगड नाहीसा झाला. लष्कराच्या ट्रकने नेला म्हणे. १९५३ साली शाळेच्या मिस थ्रप दोन्ही गावांचा इतिहास लिहायला बसल्या आणि नकाशा तिथेच अडला. मे महिन्यात त्या दोन्ही गावांची वरात घेऊन जेबेझच्या दारात हजर.

"ऑटली, त्या दगडावर आपटलेले आता एकटे तुम्हीच उरलात. कुठे होता तो?"

जेबेझने बोट केलं थेट ओढ्याकाठी. म्हणजे सगळं घर मकलटनात.

ईनॉक म्हणाला, "दाजींच्या तोंडावर कशाला विसंबता? बुडालाच विचारा की!"

पाद्रीसाहेब नको नको म्हणेपर्यंत चौघांनी एकसष्ट वर्षांच्या जेबेझचे हातपाय धरले, झुलवला आणि ओढ्याकाठी आपटला. पच्च!

"आठवलं का काही?"

"हो हो! हाच तो दगड!"

"दाजी, हा चिखल आहे."

मग दहा-दहा पावलांवर आपटत निघाले. फाटकापाशी, काही नाही. कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, काही नाही. लीकच्या, म्हणजे त्या जाड्या पातीच्या कांद्यांच्या, वाफ्यापाशी मात्र जेबेझ मासळीसारखा तडफडू लागला. "इथे नको! बक्षिसाचे लीक आहेत माझे!"

ठाण्! जेबेझच्या तोंडून असा शब्द निघाला की पाद्रीसाहेबांनी टोपीने कान झाकले. वीतभर मातीखाली दगड निघाला, एका अंगाला मकलटनचा क्रूस, दुसऱ्या अंगाला स्नेडबीचा मासा.

"युद्धात सरकार म्हणालं भाज्या लावा," जेबेझ पुटपुटला. "मी काही हलवला नाही हं. नुसतं पांघरूण घातलं."

मिस थ्रपनी डॉर्कसची कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि या दगडापासून पुलाजवळच्या दगडापर्यंत ताणली. दोरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरली, टेबलावरच्या चीजवरून गेली आणि पलीकडून बाहेर पडली. चूल, आरामखुर्ची, निजायची खोली, सगळं स्नेडबीत. मकलटनात उरली फक्त बटाट्यांची कोठी.

"या दाजी, आमच्या गावात!" ईनॉक हात चोळत म्हणाला. "मग रविवारपासून दोर कोणाकडे?"

जेबेझ मटकन त्याच दगडावर बसला. "पाद्रीसाहेब, पाहिजे तर घर घ्या. पण घंटा..." त्याने टोपी काढून तोंडावर धरली. त्याला तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं. ईनॉकनेसुद्धा नजर वळवली.

पाद्रीसाहेबांनी घसा खाकरला. "नियम आहे राहणाऱ्याचा. माणूस राहतो कुठे? माझ्या मते, झोपतो तिथे."

"मग घाला त्याला कोठीत," डॉर्कस म्हणाली.

"आणि तू गं?" जेबेझने आशेने विचारलं.

"मी? तीस वर्षं परमुलखात झोपले. आता माहेरी आडवी होतेय, ती उठायची नाही!"

पुढची चौदा वर्षं जेबेझ बटाटे आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये झोपला, आणि दर रविवारी घंटा वाजवली. मिस थ्रपच्या पुस्तकात शीव चीजवरूनच गेली आहे. तक्रार एकच: जेबेझचं घोरणं. डॉर्कसने मकलटनच्या पंचांना रीतसर पत्र लिहिलं. पंच दोन तास बसले आणि उत्तर आलं की परगावच्या तक्रारी घेत नाही, स्नेडबीमार्फत या. स्नेडबीचा मुख्य पंच ईनॉक. तो एका दुपारी आला, जेबेझ जेवून पडला असताना कोठीच्या दाराला कान लावून बराच वेळ उभा राहिला, आणि निकाल दिला:

"ताई, या आवाजाला आपलं गाव काही करू शकत नाही. पण खरं सांगू? असा आवाज काढणारा एक जरी स्नेडबीत असता ना, तर आपल्या चर्चची घंटा इतकी मिणमिणीत वाजली नसती."

आतलं घोरणं क्षणभर थांबलं, आणि मग दुप्पट जोरात सुरू झालं.